कौटुंबिक छायाचित्रासाठी कपडे निवडताना

कुटुंबाचे एकत्र छायाचित्र काढून घ्यायचे ठरले की छायाचित्रकार, जागा आणि दिवस या गोष्टी बहुधा लवकर ठरतात. कपड्यांचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत लोंबकळत राहतो, आणि दिवस तोंडावर आला की सगळ्यांसाठी एकाच रंगाचे कपडे आणून तो घाईघाईने निकालात काढला जातो. मला हा मार्ग पटत नाही. आठ-दहा माणसे एकाच रंगात एकमेकांना खेटून बसली की छायाचित्रात त्यांच्या शरीरांच्या कडा हरवतात. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, कोणते मूल कोणाच्या मांडीवर आहे हे कळेनासे होते, आणि एका सलग रंगीत पट्ट्यावर नुसते चेहरे मांडून ठेवल्यासारखे वाटते. पुढे कित्येक वर्षे जे पाहत राहावेसे वाटते ते तो हात आणि ती मांडीच असते. शिवाय एकच रंग घरातल्या प्रत्येकाला शोभेल, आवडेल आणि वयाला साजेल असे सहसा होत नाही. कोणीतरी मन मारून तो घालते, आणि ते मन मारणे चेहऱ्यावर उमटते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की निवडीची सुरुवात माणसापासून करावी, आणि तीही ज्याला निवडीला सर्वांत कमी वाव आहे अशा माणसापासून. प्रत्येक घरात असे एखादे माणूस असतेच. आजी वर्षानुवर्षे ठरावीक पद्धतीचे आणि ठरावीक फिक्या रंगांचेच कपडे वापरत असेल. आजोबांचा खांदा आखडल्यामुळे डोक्यावरून घालायचा कोणताही कपडा त्यांना जमत नसेल. तान्ह्या बाळाला मऊ सुती कापडाखेरीज काहीही टोचत असेल. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला पुढून उघडणारा आणि पोटावर न आवळणारा कपडाच लागत असेल. वयात येणारी एखादी मुलगी दंड उघडे ठेवायला तयार नसेल. या माणसाचा कपडा आधी ठरवावा, त्याच्या मनाप्रमाणे ठरवावा, आणि मग बाकीच्यांनी आपले रंग त्याच्याभोवती जुळवून घ्यावेत. याच्या उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे तरुणांनी आपसांत रंग पक्के करून शेवटी आजीला ‘या रंगाचे तुझ्याकडे काही आहे का’ असे विचारल्यास, जिच्यासाठी हा सारा घाट घातला तीच त्या छायाचित्रात परकी दिसू लागते. ज्यांच्या कपाटात भरपूर कपडे आहेत त्यांना जुळवून घेणे सोपे असते. ज्यांना पर्यायच दोन आहेत त्यांच्यावर जुळवून घेण्याचा भार टाकू नये.

माणूस ठरल्यावर मी रंगाच्याही आधी पाहते तो गडदपणा आणि फिकेपणा. पाहणाऱ्याची नजर छायाचित्रात जिथे उजळ आणि काळोखी भागांतला फरक सर्वांत तीव्र असतो तिथे आधी जाते. सगळेजण गडद निळ्या, मातकट, जांभळट अशा छटांमध्ये असतील आणि एकच जण पांढराशुभ्र शर्ट घालून मध्ये उभा असेल, तर चेहऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधी नजर त्या शर्टावर अडकते, मग तो शर्ट कितीही साधा असो. हे आधीच तपासण्याचा उपाय फार सोपा आहे. सगळ्यांचे ठरवलेले कपडे पलंगावर किंवा सतरंजीवर, माणसे साधारण ज्या क्रमाने बसणार वा उभी राहणार आहेत त्याच क्रमाने, शेजारीशेजारी पसरावेत, मोबाइलवर त्यांचा फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. रंग निघून गेल्यावर केवळ करड्या छटांच्या पायऱ्या उरतात, आणि कोणता कपडा एकटा पडला आहे, कोणते दोन एकमेकांत विरघळत आहेत, हे तत्काळ दिसते. लाल आणि हिरवा हे डोळ्याला अगदी भिन्न वाटणारे रंग अशा फोटोत कित्येकदा जवळजवळ सारखेच करडे निघतात. शेजारीशेजारी बसणाऱ्यांमध्ये थोडा फरक असावा आणि संपूर्ण गटात मात्र फार मोठी उडी नसावी, एवढे साधले की निम्मे काम झाले असे मी मानते.

कपडे पसरून पाहण्याचे हे काम खिडकीशी, दिवसाच्या उजेडात करणे आवश्यक आहे. दोन वेगळ्या कापडांवरचा निळा रंग दुकानातल्या दिव्याखाली तंतोतंत जुळतो आणि बाहेर आल्यावर एक जांभळ्याकडे, तर दुसरा हिरव्याकडे झुकलेला दिसतो, याचे कारण असे की ते दोन निळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी आलेले असतात आणि त्यांचे साम्य केवळ त्या एका दिव्याच्या प्रकाशापुरते असते. पांढरा रंग तर याहूनही फसवा. धुण्याच्या पावडरींमध्ये आणि नव्या पांढऱ्या कापडांमध्ये उजळपणा आणणारी द्रव्ये घातलेली असतात. ती सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून घेतात आणि त्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे घरातल्या दिव्याखाली सारखेच वाटणारे दोन पांढरे शर्ट उन्हात शेजारी आले की नवा निळसर झगमगतो आणि जुना पिवळट, मळकट वाटू लागतो. सगळ्यांना पांढरा हवाच असेल तर मी शुभ्र पांढऱ्याऐवजी सायीचा, हस्तिदंती किंवा फिका राखाडी अशा जवळच्या छटांचे मिश्रण सुचवते, कारण त्या एकमेकींशी स्पर्धा करत नाहीत.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे, पण तिच्यामागची कथा मला फार आवडते. पॅरिसमधील गोब्लाँ या भित्तिचित्रे विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात मिशेल-युजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथला काळा रंग पुरेसा काळा उठत नाही अशी तक्रार होती. शेव्रल यांनी तपास केला तेव्हा रंगात दोष आढळला नाही. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात तो काळा डोळ्यालाच दुबळा वाटत होता. या अभ्यासातून त्यांनी शेजारी येणाऱ्या रंगांच्या परस्पर परिणामाचा नियम मांडला आणि १८३९ साली तो सविस्तर प्रसिद्ध केला. घरच्या छायाचित्रासाठी त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. चेहऱ्यालगत हिरवा आला की त्वचेतली लाली अधिक जाणवते, भडक लाल आला की तीच लाली मावळल्यासारखी वाटते. म्हणून प्रत्येकाने एकट्याने आरशात पाहून कपडा पसंत करणे पुरेसे नसते. ज्या दोघी शेजारी बसणार आहेत त्यांनी आपापले कापड हनुवटीखाली धरून एकदा एकत्र उभे राहावे आणि तिसऱ्या कोणीतरी दोघींकडे एकदम पाहावे.

कापड आणि छायाचित्र यांचे नाते तर प्रारंभापासूनचे आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रंगीत छायाचित्रणाचे जे प्रात्यक्षिक करून दाखवले, त्यासाठी छायाचित्रकार टॉमस सटन यांनी निवडून टिपलेली वस्तू म्हणजे चौकडीच्या कापडाची एक फीत होती. त्या काळी छायाचित्रे ज्यांवर टिपत त्या काचेच्या प्लेटांना केवळ निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच नीट उमटवता येत असे. त्यामुळे निळा पोशाख जवळजवळ पांढरा आणि लाल पोशाख काळा येई, आणि स्टुडिओवाले गिऱ्हाइकांना कोणत्या रंगाचे कपडे घालून यावे याच्या सूचना देत. १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी प्लेटांना विशिष्ट रंगद्रव्याची जोड देऊन त्यांना हिरव्या प्रकाशाची जाणीव करून दिली, आणि तिथून पुढे ही अडचण हळूहळू सुटत गेली. म्हणजे ‘छायाचित्राला कोणते कपडे घालावेत’ हा प्रश्न आजच्या हौशी लोकांनी निर्माण केलेला नाही.

आजच्या कॅमेऱ्याला सगळे रंग दिसत असले तरी त्याच्या काही मर्यादा आहेत आणि त्या कपड्यांवरूनच उघड्या पडतात. प्रकाश मोजताना कॅमेरा सर्वसाधारणपणे असे गृहीत धरतो की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी आहे. बहुतेकांनी पांढरे घातले असेल तर तो सारे दृश्य गडद करतो आणि चेहरे निस्तेज होतात. बहुतेकांनी काळे घातले असेल तर तो दृश्य उजळवतो आणि चेहऱ्यांवरचा रंग उडतो. जाणकार छायाचित्रकार हे हाताने दुरुस्त करतो, पण घरच्या घरी तिकाटण्यावर मोबाइल लावून फोटो काढणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. थेट उन्हात पांढऱ्या कापडाची वीण, शिवण आणि चुण्या पूर्ण पुसल्या जातात आणि नंतर कोणत्याही करामतीने परत आणता येत नाहीत, कारण तिथे नोंदच झालेली नसते. सावलीत मात्र तोच पांढरा फार सुरेख येतो. सावळ्या चेहऱ्याभोवती पांढऱ्याशुभ्र कापडाचा मोठा विस्तार असला की कॅमेरा त्या कापडाला सांभाळतो आणि चेहरा अंधारतो. हा दोष चेहऱ्याचाही नसतो आणि त्या माणसाच्या आवडीचाही नसतो. अशा वेळी गडद, भरदार रंग, म्हणजे मोरपंखी, वांगी, गडद किरमिजी, पिकलेल्या हळदीचा पिवळा, हे त्वचेची सारी झळाळी वर आणतात, आणि ते पाहिल्यावर पांढऱ्याची आठवणही राहत नाही.

बारीक रेघांच्या आणि बारीक चौकडीच्या शर्टांविषयी मी सर्वांना आवर्जून सांगते. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, हिरव्या, लाल आणि निळ्या गाळण्यांची (फिल्टरांची) एक अतिसूक्ष्म जाळी असते. कोडॅक या छायाचित्रण कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचे पेटंट मिळाले आणि आजही बहुसंख्य कॅमेऱ्यांत तीच मांडणी असते, जिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात. कापडावरच्या बारीक रेघा आणि ही जाळी यांची अंतरे एकमेकांच्या जवळपास आली की शर्टावर कुठेही नसलेल्या रंगीत लाटा छायाचित्रात उमटतात. माणूस कॅमेऱ्यापासून किती दूर आहे यावर त्या अवलंबून असल्यामुळे एका फोटोत शर्ट स्वच्छ आणि पुढच्याच फोटोत इंद्रधनुष्यी लहरींनी भरलेला, असेही होते. त्या काढून टाकणे वेळखाऊ आणि किचकट असते. शर्ट खुंटीला टांगून मोबाइलने चार-पाच निरनिराळ्या अंतरांवरून फोटो काढून पाहावेत. एकाही फोटोत लाटा दिसल्या तर तो शर्ट बाजूला ठेवावा.

याचा अर्थ नक्षीच नको असा नाही. उलट, सगळेच एकरंगी कपडे असले की छायाचित्र सपाट वाटते, आणि मला तर घरातल्या एकाने तरी ठसठशीत नक्षीचे काही घालावेच असे वाटते. कपडे जुळवण्याची माझी सर्वांत विश्वासाची पद्धत याच नक्षीवर उभी आहे. घरातल्या एका व्यक्तीची, शक्यतो आधी सांगितलेल्या त्या कमी वाव असलेल्या व्यक्तीची, एक नक्षीदार वस्तू निवडावी. ती साडी असो, झगा असो, शाल असो वा लहान मुलीचा फुलाफुलांचा फ्रॉक असो. कापड विणणाऱ्याने किंवा छापणाऱ्याने त्या नक्षीत तीन-चार रंग आधीच विचारपूर्वक जमवलेले असतात. ते वेगळे काढावेत आणि बाकीच्यांच्या साध्या कपड्यांसाठी वाटून द्यावेत: एकाला कापडाच्या जमिनीचा म्हणजे नक्षीमागचा रंग, दुसऱ्याला पानाचा, तिसऱ्याला काठाचा. नक्षीत जो रंग थेंबाएवढा आहे तो कोणाच्या तरी ओढणीपुरता, मोज्यांपुरता किंवा केसांच्या फितीपुरता ठेवावा. जो विस्ताराने आहे तो मोठ्या कपड्यांना द्यावा. प्रमाणसुद्धा असे कापडाकडूनच घेता येते. सगळ्यांनी एकसारखे न घालताही सगळे एका घरातले वाटतात, आणि त्यासाठी रंगशास्त्र शिकावे लागत नाही. दोन नक्षीदार कपडे असतील तर एकाची नक्षी मोठी आणि दुसऱ्याची मध्यम असावी व ते दोघे शेजारी बसू नयेत, एवढे पथ्य पाळावे. अक्षरे, घोषवाक्ये आणि कंपन्यांची चिन्हे असलेले कपडे मात्र मी सरळ वर्ज्य मानते, कारण अक्षर दिसले की डोळा ते वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

जागेचा विचार रंग ठरवण्याआधी झाला पाहिजे. हिरवळीवर आणि दाट झाडांखाली वरून-खालून हिरवा प्रकाश येत असतो आणि तो चेहऱ्यांवर उतरतो. तिथे पुन्हा पोपटी कपडे घातले तर माणसे पार्श्वभूमीत बुडतात. विटांच्या भिंतीसमोर तांबूस, वाळूवर खाकी, यांचेही तेच. भडक कपड्यांचा रंगही चेहऱ्यावर परततो. गडद गुलाबी किंवा झगझगीत नारिंगी कापडावर ऊन पडले की हनुवटीखाली आणि गळ्यावर त्याची छटा चढते, आणि मांडीवरच्या बाळाचे गाल आईच्या कपड्याचा रंग घेतात. म्हणून बाळाला घेऊन बसणाऱ्या व्यक्तीच्या कपड्याचा रंग मी सौम्यच ठेवायला सांगते. सूर्य खाली उतरल्यावर मिळणारा प्रकाश स्वतःच पिवळा-तांबडा असतो. त्यात पिवळे आणि नारिंगी अधिकच पेटतात, तर निळे थोडे शांत होतात.

कापडाच्या पोताकडे लोक कमी लक्ष देतात, आणि मला तर तो रंगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. खादी, लिनन, लोकर, मखमल, जाड विणीचा सुती कपडा यांच्यावर प्रकाश मुरतो आणि कापडाला खोली येते. चकचकीत सॅटिनवर प्रत्येक सुरकुतीचा एक पांढरा ओरखडा उमटतो, आणि फ्लॅश असेल तर विचारायलाच नको. खेळाच्या बुटांवर आणि जॅकेटांवर रात्री चमकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या फ्लॅशचा प्रकाश सरळ कॅमेऱ्याकडे परत पाठवतात आणि छायाचित्रात पांढरे डाग बनून येतात. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या चष्म्यांचाही विचार करावा, कारण बाहेरच्या छायाचित्रात डोळेच झाकले जातात. जुना साधा काचांचा चष्मा घरात असेल तर तो बरोबर घ्यावा, पण जो माणूस नेहमी चष्मा लावतो त्याला तो काढायला लावू नये. चष्म्याशिवायचा तो चेहरा घरच्यांनाही ओळखीचा वाटत नाही.

कपडा अंगावर कसा बसतो हे उभे राहून तपासले जाते आणि छायाचित्रात माणसे बहुधा बसलेली असतात. बसल्यावर पँट वर सरकते आणि मोजे दिसतात, शर्टाच्या गुंड्यांमध्ये फटी पडतात, आखूड घेर आणखी आखूड होतो, खाली वाकल्यावर गळा सैल पडतो. म्हणून प्रत्येकाने ठरवलेला कपडा घालून खुर्चीवर बसावे, जमिनीवर बसावे, हात वर करावा आणि मूल उचलून पाहावे. पावलांचा निर्णयही तेव्हाच घ्यावा: सगळे बूट घालणार की सगळे अनवाणी बसणार. अर्धे असे आणि अर्धे तसे असले की छायाचित्राचा खालचा भाग विस्कळीत दिसतो.

लहान मुलांसाठी नवा कपडा त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नये. नव्या कापडाची खळ, मानेला घासणारे लेबल, आवळणारे इलास्टिक यांनी मूल दहा मिनिटांत रडकुंडीला येते आणि मग कोणत्याही रंगसंगतीचा उपयोग राहत नाही. तो कपडा आधी एकदा धुऊन, लेबल काढून, घरात तासभर घालून खेळू द्यावा. मूल एखाद्या आवडत्या टोपीला किंवा रंग उडालेल्या स्वेटरला चिकटून बसले असेल, तर मी ती वस्तू घालू देण्याच्या बाजूची आहे. त्या वयात ते मूल तसेच होते, आणि घरच्या छायाचित्राने ते सांगितले पाहिजे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत रंगांच्या चार-पाच छटा त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि त्यातून काय घालायचे ते त्यांना ठरवू द्यावे. कपड्याच्या निवडीवरून मुलाला सगळ्यांसमोर टोचून बोलणे, आणि तेही निघायच्या वेळी, हे कटाक्षाने टाळावे. कोणाच्या अंगकाठीवरून, वजनावरून ‘हे तुला बरे झाकेल’ असे सल्ले देण्याचेही काही कारण नसते. ज्याला जे घालून ताठ बसता येते ते त्याच्यासाठी योग्य.

आदल्या दिवशीचे काम थोडे आणि साधे आहे. कपडे इस्त्री करून घडी न घालता हँगरला लावावेत, कारण नव्या शर्टाच्या घडीच्या रेघा छायाचित्रात आश्चर्य वाटावे इतक्या स्पष्ट येतात. जागा दूर असेल तर चुरगळणारे कपडे तिथे पोहोचल्यावर बदलावेत. एका पिशवीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, ओला रुमाल, कपड्यावरची लव काढायची चिकटपट्टी आणि बाळासाठी त्याच छटेचा एक जादा कपडा ठेवावा. एकाने, आणि ते आधीच ठरलेले असावे, फोटो सुरू होण्यापूर्वी सगळ्यांच्या समोरून एकदा चालत जावे: खिशातले मोबाइल आणि किल्ल्या बाहेर, मनगटावरचे केसांचे रबर काढलेले, कॉलर सरळ, ओढणीची टोके खाली सारखी, आजीची शाल खांद्यावर तिला हवी तशी.